हिमनदी डेकवरून, कायाक जंगलाकाठी

साप्ताहिक स्तंभ : काठाकाठाने

फेब्रुवारी सरत आला की मला एक ठरलेला फोन येतो. लेक किंवा मुलगा सिएटलला असतो, आई-बाबांचं उन्हाळ्यात तिकडे जाणं पक्कं झालेलं असतं आणि मुलांनी सगळ्यांसाठी सात दिवसांची अलास्का क्रूझ बुक केलेली असते. आता कुठल्या बंदरावर काय करायचं, याची यादी समोर असते. व्हेल, डोंगरातली रेल्वे, हेलिकॉप्टर, आणि या सगळ्यांत नजर खेचून घेणारा एक फोटो : निळ्या बर्फाचा कडा, त्याच्यापुढे काचेसारखं पाणी आणि पाण्यावर एक लाल कायाक. "ताई, हे घ्यावं का? तारकर्लीला केलंय हो आम्ही कायाकिंग."

घ्यावं. माझं उत्तर दरवर्षी हेच असतं. जहाजाच्या दहाव्या मजल्यावरच्या बाल्कनीतून अलास्का दिसतं ते भिंतीवरच्या चित्रासारखं. कायाकमध्ये बसलं की समुद्र कमरेशी येतो, हात सोडला की पाण्याला लागतो, काठावरच्या ओल्या जंगलाचा वास नाकात शिरतो. त्या सात दिवसांत तुम्ही अलास्काच्या इतकं जवळ दुसऱ्या कशानेही जाणार नाही. पण ती सहल त्या फोटोवरून निवडू नका. सुरक्षित पाणी, पुरेसा वेळ आणि आपलं शरीर या तीन गोष्टींवरून निवडा.

आधी पाण्याचं. तारकर्लीच्या खाडीत किंवा गोव्यात आपण बहुतेकदा ज्या कायाकवर बसतो ती वरून उघडी असते. उलटली तर माणूस कोमट पाण्यात पडतो, हसतो, पुन्हा चढतो. अलास्कातल्या समुद्री कायाकमध्ये आत शिरून बसायचं असतं. पाय पुढे लांब, कंबरेखालचं अंग होडीच्या पोटात, आणि वरून पाणी आत येऊ नये म्हणून कमरेभोवती स्प्रे स्कर्टचं झाकण. केचिकन या तिथल्या बंदराच्या आसपास भर जुलैतही समुद्राचं पाणी १२ ते १४ अंश सेल्सिअसच्या घरात असतं. हिमनदीच्या तोंडाशी ते तीन-चार अंशांपर्यंत उतरतं. हवेपेक्षा पाणी शरीरातली उष्णता कितीतरी वेगाने ओढून घेतं. उष्णतावहनात ते हवेच्या सुमारे २५ पट पुढे आहे.

कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठातले प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेक्ट यांनी थंड पाण्यात पडलेल्या माणसाचं काय होतं, याचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यांचं सूत्र लक्षात ठेवायला सोपं आहे : एक, दहा, एक. पहिल्या एका मिनिटात श्वास आपल्या ताब्यात राहत नाही, धाप लागते, आणि तेव्हा तोंड पाण्याखाली असेल तर तेवढ्यानेही माणूस बुडू शकतो. पुढची साधारण दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात. शुद्ध हरपायला मात्र तासभर लागू शकतो. म्हणजे गारठून मरण्याआधी माणूस धापेने आणि बधिर बोटांनी हरतो. लाइफ जॅकेट अंगावर असेल, तर पहिलं मिनिट तोंड पाण्याबाहेर राहतं. बाकीचं काम कपड्यांचं.

म्हणून तिथली जाणकार मंडळी सांगतात : कपडे हवा बघून घालू नका, पाणी बघून घाला. मला हे चुकून कळलं. पहिल्या क्रूझला आम्ही बर्फाचा फोटो बघूनच सहल घेतली होती. त्या दिवशी ऊन पडलं होतं, म्हणून नवरा जीन्स घालून आला. कंपनीने वरून रेनकोट दिले, कपड्यांबद्दल कोणी काही विचारलं नाही. वल्ह्यावरून ओघळलेलं पाणी मांडीवर साचत गेलं, सुती कापडाने ते धरून ठेवलं. अर्ध्या तासात त्याचे ओठ निळे पडले आणि बोटांना वल्हं धरवेना. आम्ही उलटलो नव्हतो, लाटही नव्हती. नुसत्या ओल्या जीन्सने ही अवस्था केली. उलटलो असतो तर, हा विचार मी आजही मनातून काढू शकलेले नाही.

कायाक जन्माला आली तीच मुळी कपड्यासकट. अल्यूशियन बेटांवरचे उनांगन लोक लाकडी सांगाड्यावर समुद्री प्राण्यांची कातडी ताणून या होड्या करत. रशियन व्यापाऱ्यांनी त्यांना बायदार्का म्हटलं. अंगावर आतड्यांच्या पातळ पडद्यांचा शिवलेला झगा असे, आणि त्याचा घेर होडीच्या तोंडाला बांधला की माणूस आणि होडी एकच होऊन जात. आजचा स्प्रे स्कर्ट त्याचाच वारस आहे. ज्यांचं पोट या पाण्यावर होतं त्यांनी होडीइतकंच कपड्यावर कसब खर्च केलं. तेव्हा सहल घेताना पहिला प्रश्न हा विचारा : अंगावर काय देणार? पाणी आत येऊ न देणारा पूर्ण ड्रायसूट की नुसता रेनकोट? नुसता रेनकोट असेल, तर किनाऱ्याला लागून, आडोशाच्या पाण्यातच नेणार का? आणि तुमच्या अंगावर आतून लोकर किंवा फ्लीस हवं, सुती काहीही नको. मोजेसुद्धा लोकरीचे घ्या.

दुसरा प्रश्न : कुठलं पाणी? इथे मला त्या फोटोशी भांडायचं आहे. हिमनदी तुम्हाला तशीही दिसणार आहे. बहुतेक क्रूझमध्ये एक दिवस ग्लेशियर बे, एंडिकॉट आर्म किंवा हबर्ड हिमनदीसाठी राखून ठेवलेला असतो. ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानात दिवसाला फक्त दोन मोठ्या जहाजांना प्रवेश आहे. तिथे उतरायचं नसतं. उद्यानाचे रेंजरच जहाजावर येऊन माहिती देतात आणि जहाज बर्फाच्या भिंतीसमोर बराच वेळ थांबतं. गरम चहाचा कप हातात धरून, रेलिंगला टेकून हिमनदी बघायला याहून चांगली जागा नाही. कायाक मात्र हिमनदीच्या पायथ्याशी नेण्याची गोष्टच नाही. भिंतीतून बर्फाचे कडे सुटतात, त्यांच्या लाटा दूरवर जातात. तरंगणारा हिमखंड वितळता वितळता तोल जाऊन एकाएकी उलटतो. बर्फावरून खाली उतरणारा गार वारा पाणी खवळवतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ट्रेसी आर्मच्या खाडीत डोंगराचा कडाच समुद्रात कोसळला आणि प्रचंड लाट उठली. शहाणा मार्गदर्शक बर्फापासून पाव ते अर्धा मैल लांब राहतो. मग एवढ्या लांबून बघायला गारठ्यात वल्हवत कशाला जायचं?

कायाक घ्यावी ती जंगलाकाठच्या आडोशाच्या पाण्यात. माझी पहिली पसंती केचिकन. हे गाव टोंगास या अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या राष्ट्रीय वनात वसलं आहे. भोवती बेटंच बेटं, त्यामुळे खुल्या समुद्राची लाट आत येत नाही. टाटूश बेटं किंवा ऑर्कास कोव्ह असं नाव सहलीत दिसलं तर ती नीट वाचा. पाऊस मात्र गृहीत धरा. वर्षाला साडेतीन-चार मीटर पाऊस पडणाऱ्या गावात कोरड्या दिवसाची वाट बघत बसायचं नसतं. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको. दुसरी पसंती सिटका, तिथेही बेटांचा आडोसा आहे. ज्यूनोला डग्लस बेटाच्या उत्तर टोकाकडून निघालं तर खाडीपलीकडे मेंडेनहॉल हिमनदी दिसते, म्हणजे बर्फही दिसतो आणि अंतरही राहतं. स्कॅग्वेला जरा जपून. तिथली खाडी लांबट, अरुंद आणि दोन्ही बाजूंनी उभ्या डोंगरांची. वारा तिच्यातून नळीतून यावा तसा येतो. गावाचं ट्लिंगिट भाषेतलं मूळ नावही वाऱ्याशी आणि खवळलेल्या पाण्याशीच जोडलेलं आहे. तिथे घ्यायचीच तर सकाळची घ्या.

भरती-ओहोटीचीही चौकशी करा. केचिकनला उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक वीस फुटांच्या घरात जातो, मुंबईच्या उधाणापेक्षाही जास्त. अरुंद वाटेत असं पाणी ओढ घेतं, आणि त्या ओढीविरुद्ध वल्हवणं नवख्याचं काम नाही. पण हीच ओहोटी काठावर जे उघडं करून दाखवते, ते बघायला मी पुन्हा पुन्हा जाईन.

केचिकनला दुसऱ्या खेपेला आम्ही नीट विचारून सहल घेतली होती. दोघांची कायाक, नवरा मागे, कारण मागच्याच्या पायांत सुकाणूचे पेडल असतात. निघण्याआधी मार्गदर्शक मुलीने प्रत्येकाच्या स्प्रे स्कर्टचा पुढचा पट्टा हाताने ओढून बघितला. उलटलात तर सगळ्यात आधी हा पट्टा ओढायचा, तो आत दबून राहिला तर सापडणार नाही, म्हणून तो बाहेर लोंबता हवा. मग तिने डोळे मिटून तो पट्टा शोधायला लावला. सगळ्यांना एकदा, मला दोनदा, कारण पहिल्यांदा माझा हात चुकीच्या जागी गेला होता. त्या दोन मिनिटांनी मला जो धीर दिला तो कुठल्याही जाहिरातीने दिला नसता.

ओहोटी लागलेली होती. कातळाचा ओला पट्टा दोन पुरुष उंचीचा उघडा पडला होता आणि त्यावर जांभळे, केशरी तारामासे एकमेकांच्या अंगावर चिकटलेले. नाळेखालून केल्पचे लांब दोर सरकत होते. रिमझिम चालू होती. मुलीने वल्ही आडवी ठेवायला सांगितली आणि आम्ही सहा कायाक तशाच थांबलो. थेंब पाण्यावर पडल्याचा आवाज ऐकू येऊ लागला. मग उजवीकडे कुणीतरी नाकातून जोरात श्वास सोडला. सील होता. काळं ओलं डोकं, गोल डोळे, तो आमच्याकडे बघत राहिला आणि मग आवाज न करता खाली गेला. व्हेल दिसला नाही. दिसला असता तरी हंपबॅक व्हेलपासून शंभर यार्ड लांब राहण्याचा अलास्कात नियमच आहे. मला त्या सीलच्या श्वासाची आठवण आजही पुरते.

तिसरा प्रश्न वेळ आणि माणसांचा. "साडेतीन तासांची सहल" म्हणजे साडेतीन तास पाण्यावर नव्हे. बस किंवा बोटीचा प्रवास, कपडे चढवणं, सूचना, परत कपडे उतरवणं. पाण्यावर बहुतेकदा एक-दीड तासच मिळतो. तोच आकडा विचारा. एका मार्गदर्शकामागे किती कायाक, हेही विचारा. सहाहून जास्त असतील तर मी दुसरी सहल बघते. बाहेरच्या कंपनीची सहल अनेकदा स्वस्त आणि छोट्या गटाची असते, पण परतायला उशीर झाला तर जहाज तुमच्यासाठी थांबत नाही. क्रूझमार्फत घेतलेल्या सहलीची ती काळजी जहाज घेतं. अलास्काचं घड्याळ सिएटलपेक्षा एक तास मागे असतं, तेव्हा जहाजाची वेळ कोणती आणि गावाची कोणती, हे आदल्या रात्री लिहून ठेवा. आणि सिएटलहून निघणाऱ्या क्रूझला १८८६ च्या एका अमेरिकी कायद्यामुळे परदेशी बंदराला टेकावं लागतं. ते बंदर बहुधा कॅनडातलं व्हिक्टोरिया असतं. भारतीय पासपोर्टवर फिरायला आलेल्या आई-बाबांना त्यासाठी कॅनडाचा व्हिसा लागतो. कायाकचा विचार त्यानंतर.

हल्ली आपल्याकडची काही मंडळी अंटार्क्टिकालाही जातात. तिथे कायाकच्या जागा मोजक्या असतात, त्या बहुतेक जहाजांवर निघण्याआधीच घ्याव्या लागतात, आणि पाणी शून्याच्या आसपास. तिथे ड्रायसूटला पर्याय नाही आणि पूर्वानुभवाचीही अपेक्षा असते. पहिली समुद्री कायाक तिथे घेऊ नका.

शेवटचा प्रश्न स्वतःला विचारायचा. रक्तदाबाची, हृदयाची गोळी चालू असेल तर आपल्या डॉक्टरांना "थंड पाण्यात पडलो तर?" असं स्पष्ट शब्दांत विचारा, कारण अचानक गार पाणी लागलं की नाडी आणि रक्तदाब एकदम चढतो. आणि घरात एक परीक्षा घ्या. जमिनीवर पाय लांब करून, पाठ भिंतीला टेकून वीस मिनिटं बसा आणि मग कुणाचा हात न धरता उठा. कायाकमधलं बसणं असंच असतं, आणि उठायचं असतं ते हलत्या पाण्यावर.

मागच्या वर्षी डोंबिवलीच्या एका काकूंना हे सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "मी उठले. ह्यांना दोघांनी धरून उठवावं लागलं." काकांचे दोन्ही गुडघे बदललेले. त्यांनी ज्यूनोला बाकावर बसून, मोठ्या बोटीतून व्हेल बघितला. काकू केचिकनला लेकीबरोबर कायाकमध्ये बसल्या. जूनच्या शेवटी त्यांनी फोटो पाठवला. त्यात बर्फ कुठेच नाही. करडं पाणी, पावसाने काळवंडलेलं जंगल, नाकाच्या शेंड्यावर थेंब, आणि लोंबता ठेवलेला पिवळा पट्टा, अगदी हाताशी.