शाळेत समुपदेशक आहे का?

सातवीतल्या मुलाचं पोट रोज सकाळी, नेमकं दप्तर भरायच्या वेळी दुखू लागतं. रविवारी मात्र दुखत नाही. सोनोग्राफी होते, रक्त तपासून होतं, सगळं नॉर्मल येतं. मग घरचेच निदान करून मोकळे होतात: ‘नाटकं करतोय!’ बालमानसोपचारतज्ज्ञांना ही तक्रार चांगली ओळखीची आहे. ‘मला भीती वाटते’ असं मुलं सहसा सांगत नाहीत. त्यांचं डोकं दुखतं, चिडचीड वाढते, झोप उडते, मित्र दुरावतात. दुखणं खरंच असतं, फक्त त्याचं मूळ पोटात नसतं.

अशी मुलं थोडीथोडकी नाहीत. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वर्षांच्या ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले. साठ मुलांच्या वर्गात ही संख्या चारच्या वर जाते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यातले १,७६४ महाराष्ट्रातले होते. हा आकडा सर्व राज्यांत सर्वाधिक आहे.

दर वर्षी दहावी-बारावीच्या परीक्षेआधी राज्य मंडळ समुपदेशकांचे फोन नंबर जाहीर करतं. त्याचा उपयोग होतोच. पण मुलाची घुसमट वेळापत्रक पाहून सुरू होत नाही. ती जूनमध्ये नव्या वर्गात सुरू होते, आई-वडिलांच्या भांडणात वाढते, कुणी चिडवलं की आणखी चिघळते. तिची दखल घेणारं माणूस वर्षभर शाळेतच हवं.

प्रशिक्षित समुपदेशक असला की काय होतं? शाळा टाळणाऱ्या मुलाला तो पहिल्याच दिवशी वर्गात ढकलत नाही. आधी तासभर वाचनालयात, मग आवडीच्या एका तासाला, मग मधल्या सुट्टीपर्यंत, अशा पायऱ्या ठरवतो. पालकांना काय बोलावं आणि काय बोलू नये, हे सांगतो. गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतो. वर्गशिक्षक कितीही मायाळू असले, तरी पोर्शन, पेपर तपासणी आणि सरकारी कामं सांभाळून हे सगळं त्यांच्याकडून होणं शक्य नाही.

विशाखापट्टणममध्ये ‘नीट’ची तयारी करणाऱ्या १७ वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. जुलै २०२५ मध्ये निकाल देताना न्यायालयाने देशभरातल्या शैक्षणिक संस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक हवा. सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यायचं. गुणांवरून मुलांच्या वेगळ्या बॅचेस करायच्या नाहीत, चारचौघांत पाणउतारा करायचा नाही. ही तत्त्वं कोचिंग क्लासेसनाही लागू आहेत.

लातूरसारख्या शहरात याला फार महत्त्व आहे. मराठवाड्याच्या गावागावांतून मुलं तिथे ‘नीट’च्या तयारीला येतात, खोली घेऊन राहतात, मेसमध्ये जेवतात. शेत विकून किंवा कर्ज काढून भरलेल्या फीचं ओझं डोक्यावर असेल, तर चाचणीत मार्क घसरल्याचं घरी फोनवर सांगणं सोपं नसतं.

समुपदेशकाच्या पगाराला पैसा कुठून आणायचा, असा प्रश्न संस्थाचालक विचारतात. स्मार्ट बोर्डाला पैसा मिळतो, तर यालाही मिळायला हवा. अनुदानित आणि जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी ही तरतूद सरकारनेच करावी. चार-पाच लहान शाळांना मिळून एक समुपदेशक देता येईल.

घरातही एक भीती काढून टाकायला हवी. ‘जीव नकोसा वाटतो का?’ असं विचारल्याने मुलाच्या मनात तो विचार शिरत नाही, असं आजवरचं संशोधन सांगतं. उलट मूल बोलतं होतं. अशा वेळी उपदेश न करता ऐकून घ्यावं, त्याला एकटं सोडू नये आणि ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास सुरू असते आणि मराठीतही बोलता येतं.

पुढच्या पालकसभेत निकालाची टक्केवारी विचारण्याआधी प्रत्येक पालकाने मुख्याध्यापकांना विचारावं, शाळेत समुपदेशक आहे का? नसेल, तर कधी नेमणार, हे लेखी मागावं.