खड्डा तोच, रोप नवीन

दर जुलैला आपल्या होस्टेलमागे वृक्षारोपण होतं. फोटो निघतात, समोसे मिळतात. मार्चमध्ये सबमिशनच्या गडबडीत रोपांकडे कोण बघणार? पुढच्या जुलैला खड्डा तोच, रोप नवीन! (दोन्ही वर्षं फोटोत मीही आहे, त्यामुळे जास्त बोलत नाही.)

माझी रूममेट कोकणातली. ती सांगत होती, वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटातल्या बायका होडीतून पर्यटकांना कांदळवन दाखवू लागल्या आणि त्या झाडांमुळे चार पैसे मिळू लागले. वर मला म्हणते, "तुमच्या खान्देशात काय? ऊन आणि केळी!" राग आला, पण उत्तर सुचेना. कॉन्व्हेंटमध्ये अॅमेझॉनच्या जंगलावर निबंध लिहिले, पण आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यातलं बारीपाडा माहीतच नव्हतं.

साक्री तालुक्यातलं हे छोटंसं आदिवासी गाव. १९९० च्या सुमारास तिथले डोंगर उघडे पडले होते. सरपणाला आणि पाण्याला पायपीट. चैत्राम पवार एम.कॉम. झाले, तरी नोकरीमागे न लागता गावातच राहिले. गावाने बसून स्वतःचे नियम केले. जंगलात बैलगाडी न्यायची नाही, झाड तोडलं तर दंड, राखणदार गावचाच. आज सुमारे ४४५ हेक्टर जंगल गाव राखतं. विहिरींना पाणी आलं, रानभाज्यांची स्पर्धा भरू लागली. २०२५ मध्ये पवारांना पद्मश्री जाहीर झाली.

मला सगळ्यात पटलं ते हे, की मोठं काम रोपं लावण्याचं नव्हतंच, राखण्याचं होतं. मुळं जिवंत असली आणि कुऱ्हाड थांबली, की सागाच्या खुंटालाही फुटवा येतो. आणि ज्यांच्या चुलीला लाकूड लागतं, त्यांनीच नियम केला. वरून नोटीस आली असती तर रात्रीतून मोडली असती. आपल्या मेसच्या नोटिशींचं काय होतं, बघताच ना!

कुणी म्हणेल, गावातली माणसं कायमची, आपण चार वर्षांचे पाहुणे. खरंय. म्हणून मला वाटतं, या जुलैला नवीन काही लावूच नये, जगलेलं मोजावं. आमच्या विंगमागे गेल्या वर्षीचा एक कडुनिंब अजून आहे. कूलरचं सांडणारं पाणी त्याला द्यायचं आम्ही ठरवलंय. मे महिन्यात, होस्टेल रिकामं झाल्यावर ते कोण घालणार, यावर मात्र अजून भांडण चालू आहे.