गावच्या कचऱ्याचा निधी आणि घरातील रुग्णशय्या



या सदरातून आपण मधुमेह, दमा, सांधेदुखी, निद्रानाश अशा विषयांवर बोलत आलो आहोत. आजचा विषय मात्र ग्रामपंचायतीच्या दप्तरातला आहे. कचरा कमी करण्यासाठी गावाला जो निधी मिळतो, त्याचा वृद्धांच्या प्रकृतीशी काय संबंध, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. आपल्या जिल्ह्यातील कितीतरी घरांत आज म्हातारा-म्हातारीच उरली आहेत. मुले नागपूर-पुण्याला आहेत. त्या घरापुढची नाली, त्यामागचा उकिरडा आणि त्यावरून येणारा धूर यांचा भार ज्या फुप्फुसांवर आणि ज्या त्वचेवर पडतो, ती बहुधा साठी ओलांडलेली असते. म्हणूनच हा निधी कसा ठरतो आणि कोठे खर्च होतो, हे आपण जाणून घेतले पाहिजे.

आधी आकडे पाहू. २०२० साली स्वच्छ भारत अभियानाचा ग्रामीण भागासाठीचा दुसरा टप्पा मंजूर झाला. त्यात पाच हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाला घनकचऱ्याच्या कामासाठी माणशी साठ रुपयांपर्यंत आणि सांडपाण्याच्या कामासाठी माणशी दोनशे ऐंशी रुपयांपर्यंत साहाय्य ठरवण्यात आले. दोन हजार वस्तीचे गाव धरले, तर घनकचऱ्यासाठी १,२०,००० रुपये आणि सांडपाण्यासाठी ५,६०,००० रुपये होतात. यातील ७० टक्के रक्कम अभियानातून आणि ३० टक्के वित्त आयोगाच्या निधीतून घ्यावयाची, अशी योजना होती. म्हणजे घनकचऱ्याच्या १,२०,००० पैकी ८४,००० अभियानाचे आणि ३६,००० ग्रामपंचायतीला मिळालेल्या आयोगाच्या निधीतले. शिवाय प्लास्टिक कचऱ्यावर प्रक्रिया करणाऱ्या केंद्रासाठी प्रत्येक तालुक्याला १६ लाखांपर्यंतची तरतूद होती. आपल्या जिल्ह्यात सोळा तालुके आहेत.

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ पासूनच्या पाच वर्षांत ग्रामपंचायतींच्या निधीचा ६० टक्के भाग बंधित ठेवला: निम्मा पाण्यासाठी, निम्मा स्वच्छतेसाठी. बंधित म्हणजे तो दुसऱ्या कामाकडे वळवता येत नाही. आपल्या गावासाठी यांपैकी किती मंजूर झाले, किती खर्ची पडले आणि किती शिल्लक आहे, हे विचारण्याचा अधिकार ग्रामसभेत बसणाऱ्या प्रत्येक मतदाराला आहे. वयाची अट त्याला खालूनच आहे, वरून नाही.

या पैशांतून सामान्यतः घंटागाडी, कचरा वेगळा करण्याची शेड, खताचे टाके आणि शोषखड्डे होतात. ही कामे आवश्यक आहेत आणि ती उत्तम करण्याची विद्या आपल्याच मातीत आहे. पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे, अर्थात नाडेपकाका, यांनी बांधून दाखवलेले खताचे टाके आज देशभर ‘नाडेप’ या नावाने ओळखले जाते. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच असे विटांचे टाके. भिंतींत हवेसाठी भोके. आत काडीकचरा, माती आणि थोडेसे शेण यांचे थर. तीन ते चार महिन्यांत खत तयार होते. शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे केले आणि उघड्या नाल्यांबरोबर डासही हटवले. डेंग्यूचा डास अंड्यापासून पूर्ण वाढ होण्यास आठ-दहा दिवस घेतो आणि त्यासाठी त्याला साचलेले पाणीच लागते. पाणी जमिनीत मुरले की त्याचे घर मोडले. वृद्धाला डेंग्यू झाला तर तरुणापेक्षा त्याची अवस्था लवकर गंभीर होते, म्हणून शोषखड्डा हे माझ्या दृष्टीने औषधच आहे.

तथापि टाके आणि गाडी झाली म्हणजे काम संपले, असे समजू नये. हा निधी मुख्यतः वस्तू उभारण्यासाठी असतो. गाडी ओढणाऱ्याचे मानधन, टायर, दुरुस्ती हे दरवर्षीचे खर्च गावाच्या आराखड्यात वेगळे धरावे लागतात. ते धरले नाहीत की गाडी पंचायतीच्या आवारात गंजते आणि कचरा पुन्हा काडेपेटीच्या स्वाधीन होतो. मार्गशीर्ष-पौषात हवा थंड आणि जड असते. पहाटे पेटवलेल्या ढिगाचा धूर वर न जाता ओसरीत शिरतो. त्यात प्लास्टिक असेल तर विषारी वायू आणि अतिसूक्ष्म कण फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतात. दम्याच्या आणि हृदयविकाराच्या रुग्णाची रात्र त्यामुळे बिघडते. त्याच्या पंपाची मात्रा वाढवण्याआधी घराच्या मागे काय जळते, हे मी विचारतो.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहिला, तिच्याकडे येतो. गावाच्या आराखड्यात ओला आणि सुका असे दोन डबे असतात. परंतु अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरात तिसरा कचरा निर्माण होतो: डायपर, जखमेच्या पट्ट्या, इन्सुलिनच्या सुया, उरलेली औषधे. तो बहुधा कोणत्याच आराखड्यात नसतो. सासूची सेवा करणारी सून दिवसभर डायपर कोपऱ्यात ठेवते आणि अंधार पडल्यावर कोणी पाहत नाहीसे बघून नाल्यात टाकून येते. तिला लाज वाटते. आणि जिची सेवा चालली आहे, ती आपण घराला ओझे झालो म्हणून कमी पाणी पिऊ लागते. कमी पाण्याने मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, मलावरोध होतो, भ्रम होतो. डब्याचा अभाव हा असा शरीरापर्यंत पोचतो.

मुख्यतः शहरांसाठी झालेल्या २०१६ च्या घनकचरा नियमांत डायपर नीट गुंडाळून द्यावेत आणि सुया, जुनी औषधे हा घरगुती घातक कचरा वेगळा ठेवावा, असे सांगितले होते. गावातल्या सुईची टोकही तितकीच तीक्ष्ण असते. कचरा वेचणाऱ्याच्या हाताला ती टोचली तर कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही यांचा धोका असतो.

म्हणून घरी पुढीलप्रमाणे करावे.

सुई वापरताच जाड प्लास्टिकच्या, घट्ट झाकणाच्या डब्यात टाकावी. डबा तीन-चतुर्थांश भरला की झाकण चिकटपट्टीने बंद करून त्यावर ठळक खूण करावी. तो प्राथमिक आरोग्य केंद्रात स्वीकारतात का, हे आशाताईंमार्फत आधी विचारून घ्यावे.

डायपरमधील मळ प्रथम शौचालयात टाकावा, मग तो घडी घालून वर्तमानपत्रात गुंडाळावा, लाल खूण करावी आणि झाकणाच्या वेगळ्या बादलीत ठेवावा. तो खताच्या टाक्यात टाकू नये, जाळू नये, शौचालयात सोडू नये. ज्यांना शक्य आहे त्यांनी दिवसा स्वच्छ धुतलेल्या, उन्हात वाळवलेल्या सुती कापडाची दुपटी आणि केवळ रात्री डायपर, अशी वाटणी करावी. कचरा घटतो, खर्च वाचतो आणि त्वचेला हवा मिळते. मात्र कापड असो वा डायपर, ओले झाल्यावर लगेच बदलावे. ओल हीच शय्याव्रणाची सुरुवात असते.

औषधे पंधरवड्यापुरतीच घ्यावीत. डॉक्टरांकडे जाताना घरातील सगळी औषधे एका पिशवीत घालून न्यावीत, म्हणजे जे नको ते विकत घेतले जाणार नाही. उरलेली प्रतिजैविके मातीत वा नाल्यात टाकू नयेत.

परंतु घराने केलेली ही व्यवस्था फाटकाशी येऊन थांबते. पुढचा मार्ग ग्रामसभेतून जातो. महाराष्ट्रात वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारी या प्रचलित तारखा आपणांस ठाऊक आहेत. सभेच्या आठवडाभर आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे, ज्यांना आपण अजूनही ग्रामसेवक म्हणतो, लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. अर्जात चार मागण्या पुरेशा आहेत. पहिली, कचऱ्याच्या गाडीला रुग्णकचऱ्यासाठी लाल झाकणाचा तिसरा डबा जोडावा. दुसरी, गाडीवरील कामगाराला जाड हातमोजे, बूट आणि कावीळ ब ची लस मिळावी. तिसरी, त्याचे मानधन वार्षिक आराखड्यात लिहावे. चौथी, सुयांचे डबे आणि डायपर पुढे कोठे जातील, याचा ठराव आरोग्य केंद्राशी व पंचायत समितीशी बोलून करावा. ती व्यवस्था होईपर्यंत विहीर आणि बोअरपासून दूर, झाकणाचा खोल खड्डा डायपरसाठी पंचायतीने ठरवून द्यावा. नगर परिषदेच्या हद्दीत राहणाऱ्यांनी हाच अर्ज आरोग्य विभागाकडे व आपल्या प्रभागाच्या नगरसेवकांकडे द्यावा.

ज्यांना चालवत नाही, त्यांचा अर्ज शेजाऱ्याने नेला तरी चालतो. गाडगेबाबा ज्या गावी जात, तेथे कीर्तनाआधी हातात खराटा घेत. त्यांच्या नावाने २००० साली सुरू झालेल्या ग्रामस्वच्छता अभियानात याच वऱ्हाडातील गावांनी हिरिरीने भाग घेतला. आज सत्तरीत असलेल्या आपल्यापैकी अनेकांनी तेव्हा रस्ते झाडले आहेत. आता खराटा पेलवत नसेल तर कागद पेलावा. पुढील ग्रामसभेची तारीख दिनदर्शिकेवर आजच लिहून ठेवा आणि घरात कोणी अंथरुणावर असेल तर अर्जात त्याचा उल्लेख नि:संकोच करा. आजारपण लपवण्याजोगे नसते, आणि त्याचा कचराही नसतो.