गाडीचा ‘डोस’ वाढवताय? मग विम्याचं काय?



बीपी, शुगर, थायरॉइड सोडून आज डॉक्टर इंजिनावर का लिहितोय, असं तुम्हाला वाटेल. पण डिझेल गाडीचं ‘रिमॅपिंग’ हा विषय मला ओपीडीत वरचेवर ऐकू येतो. कधी दम्याच्या पेशंटला घेऊन आलेला मुलगाच अभिमानाने सांगतो, ‘‘डॉक्टरसाहेब, गाडी ट्यून करून आणली, आता पिकअप पाहा!’’ बाहेर गाडी चालू असते, काळा धूर सोडत. आत त्याची आई नेब्युलायझर लावून बसलेली असते.

म्हणून स्पष्टच लिहितो. रिमॅपिंगला माझा विरोध आहे. डॉक्टर म्हणून आहेच, पण घर चालवणारा माणूस म्हणून जास्त आहे.

रिमॅपिंग म्हणजे नेमकं काय?

आजच्या डिझेल गाडीत ईसीयू नावाचा छोटा संगणक असतो. त्याला इंजिनाचा मेंदू म्हणा. किती डिझेल, किती दाबाने, कोणत्या क्षणी सोडायचं, टर्बोने किती हवा कोंबायची, हे सगळं त्यातल्या तक्त्यांवरून ठरतं. या तक्त्यांना ‘मॅप’ म्हणतात. ट्यूनिंगवाला लॅपटॉप जोडून हे तक्ते बदलतो. डिझेल वाढतं, टर्बोचा दाब वाढतो, ताकद वाढते.

कंपनीने ताकद मुद्दाम दाबून ठेवलेली असते, असं गिऱ्हाइकाला सांगितलं जातं. हे अर्धसत्य आहे. कंपनीने राखीव ठेवलेली असते, ती वाशीमच्या मे महिन्यातल्या उन्हासाठी, खराब डिझेलसाठी, भरलेल्या गाडीने चढलेल्या घाटासाठी. तुमचं हृदयसुद्धा बसल्या जागी पूर्ण ताकदीने चालत नाही. म्हणून ते ‘दाबून ठेवलंय’ असं आपण म्हणत नाही.

जिममधल्या काही पोरांना कुणीतरी स्टेरॉइड देतं. महिनाभरात दंड फुगतात, आणि लिव्हर, बीपी, हृदय यांचा हिशेब नंतर येतो. रिमॅपिंगचंही तसंच आहे. इंजिनाची ताकद वाढली, पण क्लच, गिअरबॉक्स, ब्रेक, टायर जुनेच राहिले.

‘समृद्धीवर गाडी पळायला पाहिजे ना!’

हा युक्तिवाद मला सगळ्यात जास्त ऐकवला जातो. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला. आपल्या जिल्ह्यातून कारंजा, शेलूबाजार, मालेगाव असा तो जातो. तिथे कारची वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. आता सांगा, आजची कोणती डिझेल कार कंपनीच्या सेटिंगवर १२० गाठत नाही? म्हणजे वाढवलेली ताकद फार तर ओव्हरटेकच्या चार-दोन सेकंदांसाठी, नाहीतर कायदा मोडण्यासाठी.

शरीराला मात्र वेगाचं गणित कळतं. वेग १०० वरून १४० केला की धडकेतली ऊर्जा जवळपास दुप्पट होते. बरगड्या, प्लीहा, मेंदू यांचं रिमॅपिंग अजून कुणी करत नाही.

धुराचं काय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकलं. तंबाखूही त्याच गटात आहे. या धुरातले बारीक कण फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यापर्यंत जातात, तिथून काही रक्तात उतरतात आणि हृदयविकाराचा धोका वाढवतात. नायट्रोजनचे ऑक्साइड श्वासनलिकेला सूज आणतात. लहान मुलं आणि दमेकरी यात आधी सापडतात.

हेच कमी करण्यासाठी १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ मानक आलं. डिझेल कारसाठी नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरमागे २५० मिलिग्रॅमवरून ८० वर आली, कणांची २५ वरून साडेचारवर. त्यासाठी गाड्यांमध्ये ईजीआर आणि डीपीएफ अशा यंत्रणा आहेत. रिमॅपिंगसोबत बऱ्याचदा ईजीआर बंद करून आणि डीपीएफ काढून देतात. ‘‘जाम होतो, कटकट नको,’’ म्हणून. म्हणजे गाडीची किडनीच काढून टाकली, कारण ती कधीतरी तुंबते!

‘‘पण पीयूसी तर पास होते,’’ असं उत्तर येतं. पीयूसीत डिझेल गाडीच्या धुराचा दाटपणा बघतात. नायट्रोजनचे ऑक्साइड डोळ्याला दिसत नाहीत आणि त्या चाचणीत मोजलेही जात नाहीत. नुसत्या वजनकाट्यावर शुगर कळत नाही, तसंच हे.

सॉफ्टवेअरने काय होतं, हे जगाने पाहिलंय

‘‘फक्त सॉफ्टवेअर तर बदललं,’’ असं म्हणणाऱ्यांनी फोक्सवॅगनचं प्रकरण आठवावं. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत उघड झालं की, चाचणी चालू आहे हे ओळखून धूर कमी करणारं सॉफ्टवेअर कंपनीने डिझेल गाड्यांत घातलं होतं. जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्या त्यात निघाल्या. रस्त्यावर काही गाड्या नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या ४० पटीपर्यंत सोडत होत्या.

आपल्याकडे पुण्याच्या एआरएआय संस्थेने या गाड्या तपासल्या. कंपनीने नियम मोडल्याचं नाकारलं, पण डिसेंबर २०१५ मध्ये सॉफ्टवेअर दुरुस्तीसाठी ३ लाख २३ हजार ७०० गाड्या परत बोलावण्याचं जाहीर केलं. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटींचा दंड लावला, पुढे सर्वोच्च न्यायालयात त्यावरच्या कारवाईला स्थगिती मिळाली. कंपनीने केलं की घोटाळा आणि गल्लीतल्या गॅरेजात केलं की ‘स्टेज वन ट्यूनिंग’, हा न्याय मला पटत नाही. फुप्फुसाला दोन्हीकडचा धूर सारखाच.

आता मुद्दा विम्याचा

मेडिक्लेम काढताना मधुमेह लपवला आणि नंतर क्लेम नाकारला गेला, अशी घरं तुम्ही पाहिली असतील. गाडीचा विमाही त्याच तत्त्वावर चालतो. महत्त्वाची गोष्ट लपवायची नाही. इंजिनाची ताकद वाढवणं ही महत्त्वाचीच गोष्ट आहे, कारण त्यावर धोका ठरतो आणि धोक्यावर हप्ता.

कायदाही पाहा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे ठामपणे सांगितलं. नोंदणीच्या तपशिलात हॉर्सपॉवरही येते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ प्रमाणे बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. प्रदूषणाचं मानक मोडलं तर कलम १९० खाली १० हजारांपर्यंत दंड वेगळा.

अपघात झाला तर काय होऊ शकतं?

- स्वतःच्या गाडीचं नुकसान: न सांगितलेला बदल सापडला तर कंपनी क्लेम कमी करू शकते किंवा नाकारू शकते. भांडायला जागा असते, हेही खरं. अटीचा भंग झाला तरी सरसकट नकार न देता ७५ टक्क्यांपर्यंत क्लेम द्यावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या एका निकालात म्हटलं होतं. त्यात खासगी गाडी भाड्याने वापरल्याचा आरोप होता. पण त्यासाठी आयोगाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात आणि उरलेले पैसे खिशातूनच जातात.
- थर्ड पार्टी: तुमच्या गाडीखाली कुणी गेलं, तर कलम १५० प्रमाणे महत्त्वाची माहिती लपवल्याचा बचाव कंपनी घेऊ शकते. न्यायाधिकरणं अनेकदा कंपनीला आधी भरपाई द्यायला आणि मग ती मालकाकडून वसूल करायला सांगतात. जखमीच्या घरच्यांना पैसे मिळतात, हे चांगलंच. पण वसुली तुमच्याकडून होते. मृत्यूच्या भरपाईची रक्कम लाखांत जाते. सोयाबीनच्या चार एकरांवर ती फेडून पाहा.
- वॉरंटी: इंजिन किंवा टर्बो बसला तर कंपनी बदललेल्या सॉफ्टवेअरकडे बोट दाखवणार.

‘‘कळणार कसं?’’ असं विचारणारे हुशार बरेच आहेत. अनेक नव्या गाड्यांच्या ईसीयूत सॉफ्टवेअर किती वेळा बदललं याची नोंद राहते. जुनं सॉफ्टवेअर परत टाकलं तरी ती नोंद पुसली जाईलच असं नाही. छोट्या खरचटण्यात सर्व्हेअर तिकडे बघणारही नाही. माणूस दगावलेल्या अपघातात नक्की बघेल. म्हणजे ज्या दिवशी विमा खरोखर लागतो, नेमका त्याच दिवशी हा बदल उघडा पडण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

थोडं विमा कंपन्यांनाही

दोष फक्त गिऱ्हाइकाचा नाही. दरवर्षी पॉलिसीचं नूतनीकरण मोबाईलवर दोन मिनिटांत होतं. हप्ता घेताना ‘गाडीत बदल केलाय का?’ हे साध्या मराठीत आणि ठळक अक्षरात विचारायचं नाही, आणि क्लेमच्या वेळी मात्र बारीक अक्षरातली अट काढायची, हेही चुकीचं. आम्ही ऑपरेशनआधी संमतीपत्र समजावून सांगतो. त्यांनीही सांगावं. आणि ट्यूनिंगवाल्यांनी लेखी द्यावं की या बदलाने विमा आणि नोंदणी यांवर काय परिणाम होतो. ताकदीची जाहिरात आणि परिणामांबद्दल चूप, हा वैदूगिरीचा धंदा झाला.

मग करायचं काय?

- रिमॅपिंग केलं असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये मूळ सॉफ्टवेअर टाकून घ्या आणि पावती जपून ठेवा. काढलेला डीपीएफ परत बसवा.
- ट्यूनिंग केलेली गाडी विमा कंपनीला न सांगता एक दिवसही वापरू नका. कंपनीला लेखी कळवा आणि लेखीच उत्तर घ्या. मात्र कंपनीला कळवल्याने बेकायदा बदल कायदेशीर होत नाही.
- जुनी डिझेल गाडी विकत घेत असाल तर हा प्रश्न आधी विचारा. आधीच्या मालकाचा उद्योग तुमच्या गळ्यात पडू शकतो.
- पिकअप खरंच कमी झाला असेल तर एअर फिल्टर, इंजेक्टर, टर्बोचे पाइप तपासा. आजारी गाडीला उपचार हवा असतो, उत्तेजक नको.

घरात जास्त ताकदीची गाडी हवी असेल तर पैसे साठवून तशी गाडी घ्या. तिचे ब्रेकही त्या ताकदीचे असतील आणि विमाही.

काळजी घ्या, आणि हा लेख घरातल्या त्या गाडीवेड्या पोराला नक्की वाचायला द्या.