रानमोडी, तिचा पतंग आणि आपण

कोकणातून परतणारे काही रुग्ण आमच्या सांताक्रूझच्या चिकित्सालयात एक पाला आवर्जून दाखवितात. कोयता लागला की तो चुरडून जखमेवर बांधतात. हा पाला रानमोडीचा. मूळची अमेरिका खंडातील असल्याने आपल्या प्राचीन निघंटूंत तिचा उल्लेख सापडणे शक्यच नाही. "रक्त थांबते ना, मग काढ्यात का नको?" असे एका व्यवसायबंधूंनी आम्हांस विचारले. तिच्या मुळांत व फुलांत यकृतास बाधक पायरोलिझिडीन अल्कलॉइड्स आहेत, म्हणून नको.

तणाचे औषध करून तण संपत नाही. तिचा भक्षक आणणे हा दुसरा मार्ग. पॅर्युकीटिस स्यूडोइन्सुलाटा हा त्रिनिदादचा पतंग १९७० च्या दशकात भारतात आणला गेला. त्याच्या अळ्या दिवसा बुंध्याशी दडतात व रात्री पाने फस्त करतात. पहिले प्रयत्न फसले. १९८४ मध्ये श्रीलंकेतून आणलेली पिढी मात्र केरळात त्रिशूर परिसरात टिकली. ग्वाम बेटावर याच पतंगाने रानमोडीला चांगलेच नमविले. आपल्याकडे तेवढे यश आले नाही. पुढे २००५ मध्ये बंगळूरला खोडावर गाठी करणारी माशी सोडण्यात आली. म्हणजे हा विषय मिटलेला नाही. उद्या आणखी एखादा कीटक येईल.

येथेच आपला संबंध येतो. रानमोडी ही माका, सहदेवी व गोरखमुंडी यांच्याच कुलातील. परदेशी कीटक सोडण्यापूर्वी तो अन्य कोणत्या वनस्पती खातो, याची चाचणी होते. गाजरगवतासाठी १९८४ मध्ये सोडलेला मेक्सिकन भुंगा पुढे सूर्यफुलावर दिसला, तेव्हा केवढा गदारोळ झाला! सूर्यफुलाला शेतकरी आहेत. माक्याला कोण? महाभृंगराज तेल विकणारे आपणच ना?

आमचा जैविक नियंत्रणास विरोध नाही. तणनाशक फवारलेल्या रानातील मुळ्या आणण्यापेक्षा पतंग शतपटीने बरा. परंतु चाचणीच्या यादीत या कुलातील औषधी वनस्पती असाव्यात, असे निवेदन संघटनेने कृषी मंत्रालयाकडे द्यावे. औषधालयचालकांनीही माल आणणाऱ्यांना विचारून, कोणत्या रानात रानमोडीने कोणती वनस्पती दडपली, याची नोंद ठेवावी. निवेदनास ती जोडता येईल.