कडक मास्तर चालतो, लहरी नको

बेसबॉल काही आपला खेळ नव्हे. लेकीकडे अमेरिकेला गेले की नातवाशेजारी बसून बघायचा, एवढाच माझा संबंध. पण या खेळातल्या पंचांनी मला बरंच विचारात पाडलंय. म्हणजे त्यांनी दिलेल्या निर्णयांनी नव्हे, न दिलेल्या!

आता हेच बघा. पिचरने (म्हणजे आपला बोलर) चेंडूला थुंकी वगैरे काही लावायचं नाही, असा नियम १९२० साली झाला. तरी गेलॉर्ड पेरी या पिचरने १९७४ मध्ये आत्मचरित्र लिहिलं, ते थुंकीच्या चेंडूचं नाव मुखपृष्ठावर मिरवतच! या कारणासाठी पंचांनी त्याला मैदानाबाहेर काढलं ते थेट १९८२ मध्ये. आणि १९९१ मध्ये त्याला हॉल ऑफ फेमचा मानही मिळाला.

पुढे थुंकीची जागा चिकट पदार्थांनी घेतली. बोटं चिकट असली की चेंडू जास्त फिरतो. पंच सहसा स्वतःहून तपासत नसत. समोरच्या संघाने तक्रार करावी, तर त्यांचाही पिचर त्याच वाटेने जाणारा! तेरी भी चूप, मेरी भी चूप.

मग २१ जून २०२१ पासून, ऐन हंगामात, पंच प्रत्येक पिचरची टोपी, हातमोजा, पट्टा तपासू लागले. दोषी ठरला की दहा सामने बंदी. टायलर ग्लास्नो या पिचरचं कोपर त्याच्या आठवडाभर आधी दुखावलं होतं. कडक तपासणी येणार हे दिसत होतं, म्हणून त्याने सनस्क्रीन आणि राळेचं मिश्रण वापरणं एकदम सोडलं होतं. त्यामुळे चेंडू जास्त घट्ट धरावा लागला आणि कोपर गेलं, असं त्याचं म्हणणं. ते खरं की खोटं ते डॉक्टर जाणोत. पण वर्षानुवर्षं कानाडोळा करायचा आणि एके दिवशी एकदम दंडुका उगारायचा, यात सुक्याबरोबर ओलंही जळतं.

शाळेत इतकी वर्षं काढल्यावर एक नक्की सांगते. कडक मास्तर मुलांना चालतो, लहरी मास्तर चालत नाही. वर्षभर उशिरा येणाऱ्यांना काही न बोलता अचानक एकाला वर्गाबाहेर उभं केलं, तर त्या मुलाला शिस्त नाही कळत, फक्त आपलं नशीब फुटकं एवढंच कळतं. आणि जी मुलं रोज धावतपळत वेळेवर येत होती, ती तर वेडीच ठरतात.

मग काय, प्रत्येक नियम अक्षरशः लावायचा? तेही करून झालंय. पिचरने चेंडू टाकण्याआधी क्षणभर थांबायचं असतं, नाहीतर 'बॉक' होतो आणि बेसवरच्या धावपटूला पुढचा बेस फुकट मिळतो. १९८८ मध्ये या थांबण्याची शब्दरचना बदलून पंचांनी काटेकोर अंमल केला. बॉक आदल्या वर्षी चारशेच्या आत होते, ते नऊशेच्या वर गेले. सगळे वैतागले, पुढच्या वर्षी शब्दरचना मागे घेतली!

पण २०२३ मध्ये मंडळींनी शहाणपणा केला. बेसवर कोणी नसताना १२ सेकंदांत चेंडू टाकावा, हा नियम पुस्तकात धूळ खात होता. त्याऐवजी १५ सेकंद दिले, पण मैदानात सर्वांना दिसेल असं घड्याळ लावलं. आधी खालच्या लीगमध्ये करून पाहिलं, सराव सामन्यांत सवय करून दिली आणि मग हंगाम सुरू केला. सामने सरासरी वीसेक मिनिटांनी आटोपशीर झाले.

माझं म्हणणं इतकंच. पाळायचा नसेल तो नियम खोडा. पाळायचा असेल तर आधी सांगा आणि पहिल्या दिवसापासून सगळ्यांना सारखा लावा. पुस्तकात झोपलेला नियम निरुपद्रवी वाटतो खरा, पण तो कधी आणि कोणासाठी जागा करायचा, हे एका माणसाच्या मर्जीवर राहतं. ही मर्जी पंचांवर टाकणं हा पंचांवरही अन्यायच आहे.

असो. तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा.