घराचा व्यवहार आणि वकिलाची निवड

पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात मिरची घेणारा व्यापारी पोत्यात हात घालून मूठभर मिरची बाहेर काढतो, रंग पाहतो, ओल पाहतो आणि मगच भाव बोलतो. सराफ कसाला लावल्याशिवाय जुने सोने घेत नाही. असा चोखंदळ माणूस आयुष्याची पुंजी घालून घर घेताना मात्र ‘कागद सगळे ठीक आहेत, आपल्याच ओळखीचे घर आहे’ एवढ्या शब्दावर इसार देऊन मोकळा होतो. वकिलाची आठवण त्याला खरेदीखताच्या आदल्या दिवशी होते. बँकेच्या नोकरीत गृहकर्जाची प्रकरणे हाताळताना हे चित्र मी वारंवार पाहिले. म्हणून या वेळी घराच्या खरेदी-विक्रीसाठी वकील कसा निवडावा, याचा विचार करू.

प्रथम वकिलाचे नेमके काम कोणते, हे समजून घेतले पाहिजे. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५४ नुसार शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. मुखत्यारपत्र, साठेकरार किंवा नोटरीपुढे केलेला कागद यांनी मालकी मिळत नाही. सूरज लॅम्प प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली हे स्पष्ट केले आहे. परंतु नोंदणी झाली म्हणजे मालकी निर्दोष ठरली, असेही नाही. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो. विकणाऱ्याच्या मालकीचा न्यायनिवाडा तो करत नाही. नगरपरिषदेचा कर आकारणीचा उतारा किंवा ग्रामपंचायतीचा नमुना क्रमांक ८ हे करवसुलीसाठी ठेवलेले कागद आहेत. त्यांवर नाव आहे एवढ्याने मालकी सिद्ध होत नाही. सारांश, दस्त टंकलिखित करून देणे हे वकिलाचे दुय्यम काम. मालकीचा माग काढणे हे मुख्य काम. पहिले काम दस्तलेखकही करू शकतो, दुसरे नाही.

हा माग सामान्यतः तीस वर्षांचा काढतात. खासगी व्यक्तीला मालकीहक्काच्या आधारे ताबा मागण्यास मुदत कायद्याने १२ वर्षांची, तर शासनाच्या दाव्याची मुदत ३० वर्षांची आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या प्रथेमागील तर्क उमगतो. मात्र आपल्या मराठवाड्यात तीस वर्षे पुष्कळदा अपुरी पडतात. हा भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि १९५६ साली मुंबई राज्यात आला. इथल्या जमिनींवर हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा, १९५० आणि हैदराबाद इनाम निर्मूलन कायदा, १९५४ यांची छाया आजही आहे. गावाच्या कडेला ज्या शेतात आज प्लॉट पडले आहेत, ते शेत मुळात इनामाचे, देवस्थानाचे, वक्फाचे किंवा कुळाला मिळालेले होते काय, भोगवटादार वर्ग-२ ची नोंद असल्यास हस्तांतरणाला सक्षम अधिकाऱ्याची परवानगी होती काय, हे १९५४-५५ चे खासरा पत्रक, त्यानंतरची पाहणी पत्रके आणि फेरफार पाहिल्यावाचून कळत नाही. जुने कित्येक कागद उर्दूत आहेत. म्हणून भोकरदन, जाफ्राबाद, सिल्लोड या भागात घर घेणाऱ्याने वकिलाला विचारावयाचा पहिला प्रश्न असा : ‘आपण महसुली अभिलेख किती मागेपर्यंत पाहता, आणि उर्दू कागद कोणाकडून वाचून घेता?’ फौजदारी खटल्यांत नामांकित असलेला वकील या कामाला योग्य असेलच असे नाही.

दुसरा विषय कुटुंबाचा. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ जैन कुटुंबांनाही लागू आहे. २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतःच सहदायाद ठरली, आणि विनीता शर्मा प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी वडील २००५ मध्ये हयात असण्याची अट नाही, असा निर्णय दिला. आपल्या घरांत मात्र ‘बहिणींचे लग्नात सगळे झाले’ हे वाक्य अजून मालकीच्या पुराव्यासारखे वापरले जाते.

एका तालुक्याच्या शाखेत असताना आलेले प्रकरण सांगतो. तीन भाऊ बाजारपेठेतील वडिलोपार्जित वाडा विकत होते. घेणारा कापडाचा व्यापारी. त्याने चार लाख रुपये इसार देऊन ठेवला होता. दोन बहिणींचे हक्कसोडपत्र आहे असे त्याला सांगितले गेले होते, आणि कागद होताही. पण तो मुद्रांक कागदावर नोटरीपुढे केलेला, नोंदणी नसलेला. बँकेच्या वकिलांनी त्यावर बोट ठेवले. तोवर थोरल्या बहिणीचे निधन झाले होते. तिच्या वारसांत एक मुलगा अज्ञान. त्याच्या हिश्श्यासाठी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागली. व्यवहार दीड वर्ष अडला, भावा-बहिणींच्या घरांत बोलणे बंद झाले आणि व्यापाऱ्याचे चार लाख तेवढा काळ अडकून पडले. कोणाचीही लबाडी यात नव्हती. इसार देण्यापूर्वी एका जाणकार वकिलाने वंशावळ मागितली असती, तर थोरली बहीण स्वतः येऊन सही करून गेली असती.

आता निवडीविषयी. आपल्याकडे दोन्ही पक्षांचा मिळून एकच वकील करण्याची पद्धत आहे. खर्च वाचतो आणि संबंध टिकतात, असे वाटते. परंतु एका पक्षाला सल्ला दिलेल्या वकिलाने त्याच प्रकरणात विरुद्ध पक्षाचे काम करू नये, असा बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियमच आहे. विक्रेत्याचा, दलालाचा किंवा बिल्डरचा वकील सज्जन असेल, पण तो आपला नाही. बँक कर्ज देते म्हणजे बँकेच्या वकिलाने सर्व पाहिले असणार, हाही समज सोडावा. त्याचा शोध अहवाल बँकेच्या तारणापुरता असतो. रस्त्याचा हक्क, सामाईक भिंत, वरच्या मजल्याची बांधकाम परवानगी यांत आपल्याला जेवढे स्वारस्य, तेवढे बँकेला नसते.

वकिलाची चूक झाल्यास पुढे काय, याचाही विचार आधीच करावा. १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येत नाही, असा निर्णय दिला. बँकेच्या पॅनेलवरील वकिलाने चुकीचा अभिप्राय दिला, एवढ्यावरून कटातील सहभागाशिवाय त्याला फौजदारी आरोपी करता येत नाही, असे त्याच न्यायालयाने २०१२ साली के. नारायण राव प्रकरणात म्हटले होते. उरतात ते दिवाणी दाव्याचा आणि गैरवर्तन असल्यास बार कौन्सिलकडे तक्रारीचा मार्ग, दोन्ही लांबचे. तेव्हा दक्षता निवडीतच हवी.

वकिलांना जाहिरात करण्यास मनाई आहे, त्यामुळे चौकशी आपणच करावी लागते. अलीकडे ज्यांनी घर घेतले त्यांना विचारावे आणि वकिलाशी प्रत्यक्ष बोलताना पुढील गोष्टी ठरवून घ्याव्यात :

१. शोध अहवाल लेखी व स्वाक्षरीसह मिळेल काय, आणि त्यासोबत शोध शुल्काच्या पावत्या व सूची क्रमांक २ च्या प्रती जोडल्या जातील काय?

२. न्यायालयातील प्रलंबित दावे, तसेच सेरसाई नोंदवहीतील बँकांचे बोजे पाहिले जातील काय?

३. बिनशेती आदेश, मंजूर रेखांकन आणि तुकडेबंदी कायद्याची आजची स्थिती यांवर स्वतंत्र अभिप्राय मिळेल काय?

४. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस कोण देणार आणि हरकत आल्यास काय करणार?

५. फी किती, कोणत्या टप्प्याला, आणि मुद्रांक व नोंदणी शुल्क वेगळे दाखवले आहे काय? मिळकतीच्या किमतीत किंवा निकालात हिस्सा मागणारा वकील नियमाविरुद्ध वागतो, हे ध्यानात ठेवावे.

विकणाऱ्यालाही स्वतःचा वकील हवा. रक्कम पूर्ण मिळण्यापूर्वी ताबा देऊ नये, धनादेश न वटल्यास काय, दंड कोणावर, ही कलमे त्याच्या रक्षणासाठी असतात. मिळकत एखाद्या धार्मिक न्यासाची असेल, तर विक्रीपूर्वी धर्मादाय आयुक्तांची मंजुरी आवश्यक आहे, हे विश्वस्तांनी विसरू नये.

एक गोष्ट व्यापारी कुटुंबांना विशेषत्वाने सांगावीशी वाटते. स्थावराच्या व्यवहारात २० हजार रुपये वा अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास १ जून २०१५ पासून आयकर कायद्याने मनाई आहे, आणि घेणाऱ्यावर तेवढ्याच रकमेचा दंड बसू शकतो. ‘थोडे रोख, थोडे कागदावर’ असा मार्ग जो वकील स्वतःहून सुचवतो, त्याच्याकडून आपल्या मालकीच्या बाबतीत तरी काटेकोरपणाची अपेक्षा कशी करावी? उलट, सर्व पाहून झाल्यावर ‘हा व्यवहार करू नका’ असे स्पष्ट सांगणारा वकील भेटला, तर त्याची फी आनंदाने द्यावी. इसारपावतीवर सही करण्यापूर्वी त्याच्याकडे जावे. नंतर गेल्यास तोही फारसे काही करू शकत नाही.